उजेडाची शेजपाळी

डिसेंबरातली रात्र, तिवसा तालुक्यातलं गाव आणि मामाच्या हरभऱ्याला पाणी मिळणार रात्री अडीचला. अप्पर वर्धाच्या कालव्यावरून वितरिका, वितरिकेवरून मायनर, मायनरवरून चारी आणि चारीच्या पार टोकाला मामाचं वावर. आम्ही दोघं धुऱ्यावर घोंगडी पांघरून बसलो होतो. मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात नेटवर्क सांभाळतो. त्या दिवशी सुट्टी टाकून आलो होतो खरा, पण दुपारभर फोन कानालाच होता.

मामानं विचारलंच. "दिवसभर कोनाकोनाले फोन करून रायला होता रे? एवढा कॉम्प्युटरवाला तू, अन् काम सारं तोंडानंच?"

टोमणा बरोबर जागी बसला. कॉलेजातून दूरच्या एका संस्थेपर्यंत एक जोडणी सुरू करायची होती. मध्ये तीन वेगवेगळ्या मालकांची नेटवर्कं. तिघांनाही फोन केला की तिघंही तेच सांगत, "सर, आमच्याकडून ओके आहे." तीन ओके मिळून जोडणी मात्र होत नव्हती. आठ दिवसांनी कळलं की दोघांच्या सीमेवर एक आकडा जुळत नव्हता, बस्स. त्या आकड्याची गोष्ट पुढे येईलच.

हे दुखणं माझ्या एकट्याचं नाही. जगभरातल्या संशोधन नेटवर्कांनी गेली वीसेक वर्षं यावर डोकं घासलंय. एका देशातल्या प्रयोगशाळेपासून दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेपर्यंत, मधल्या चार-पाच मालकांच्या हद्दीतून, ठरलेल्या वेळेपुरती, ठरलेल्या मापाची उजेडाची वाट आपोआप कशी उघडायची? माणसांनी एकमेकांना फोन न करता? मामाला ते समजावताना मलाच बरंच उलगडलं, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी वाट कशाची ते पाहू. ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेचा तंतू. दूर पल्ल्याच्या तंतूत मधला गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास, आवरण धरून १२५ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण शंभर मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे उजेड जातो तो भाग केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की उजेड अडतो तो काचेतल्या भेसळीमुळे; काच पुरेशी शुद्ध केली तर तो लांबवर नेता येईल. त्या कामाला २००९ साली नोबेल मिळालं. आजच्या तंतूत किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास उजेड मरतो. याचा अर्थ ८० किलोमीटर गेल्यावर निघाला होता त्याचा चाळिसावा हिस्सा उरतो. म्हणून साधारण तेवढ्या अंतरावर उजेडाला पुन्हा जोर देणारं यंत्र बसवतात. अमरावतीहून नागपूरला जाताना मध्ये निदान एकदा तरी त्याला असा दम द्यावा लागणार.

हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. तो १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, तांबड्याच्याही पलीकडचा. खरी गंमत अशी की एकाच तंतूतून थोड्या थोड्या फरकाच्या ८०-९० तरंगलांबी एकाच वेळी जाऊ शकतात, एकमेकींत न मिसळता. प्रत्येकीला एक रंग समजा. एकेका रंगावरून सेकंदाला १०० गिगाबिट किंवा त्याहून जास्त माहिती नेता येते. नेटवर्कवाले या रंगाला 'लॅम्डा' म्हणतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखून ठेवलेल्या अशा वाटेला 'लाइटपाथ'.

हे तंतू जातात तरी कुठून? काही रस्त्याकडेच्या चरातून. काही रेल्वे रुळांच्या बाजूनं. रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं बरंचसं जाळं रुळांच्या कडेनंच गेलेलं आहे. आणि काही चक्क डोक्यावरून. मोठ्या वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर जी बारीक तार दिसते ती वीज पडली तर अंगावर घेण्यासाठी असते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पॉवरग्रिडच्या कितीतरी मनोऱ्यांवर त्याच तारेच्या पोटात फायबरही असतो. कपाशीच्या वावरातून गेलेल्या त्या मनोऱ्याखाली डबा खाताना आपल्या डोक्यावरून कुणाचा तरी डेटा धावत असतो.

मामाला हे पटलं. पण त्याचा पुढचा प्रश्न मुद्द्याचा होता. "इंटरनेट तं आहेच ना सगळीकडे. मंग येगळी वाट कायले पाह्यजे?"

इंटरनेट म्हणजे आठवडी बाजाराचा रस्ता. बैलगाडी, फटफटी, एसटी, टेम्पो, सगळे एकाच रस्त्यानं. माहितीची लहान लहान पुडकी होतात आणि जो तो वाट काढत जातो. गर्दी झाली की काही पुडकी रस्त्यातच टाकून दिली जातात. पाठवणारा ती पुन्हा पाठवतो आणि घाबरून आपला वेगही कमी करतो. व्हॉट्सअॅपवरचा फोटो असेल तर याचा पत्ताही लागत नाही. पण अंतर हजारो किलोमीटरचं आणि डेटा डोंगराएवढा असेल, तर अगदी थोडी पुडकी हरवली तरी वेग पार कोसळतो.

का, ते आकड्यांनी बघू. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १० हजार किलोमीटरच्या वाटेवर नुसतं जायलाच ५० मिलिसेकंद लागतात, जाऊन यायला १००. सेकंदाला १० गिगाबिट वेगानं पाठवत असाल, तर 'पोचलं' असा पहिला निरोप परत येईपर्यंत तुम्ही १२५ मेगाबाइट माहिती रवाना करून बसलेले असता. तेवढा माल सतत वाटेवर. त्यातलं एक पुडकं हरवलं की पाठवणाऱ्याला ते कळायला वेळ, वेग उतरवायचा आणि मग हळूहळू पुन्हा चढवायचा. अंतर जितकं जास्त तितकी ही चढण लांब. गावातल्या गावात हाच प्रकार चुटकीसरशी आटोपतो.

आता डोंगराचा आकार. १० टेराबाइट डेटा सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवरून पाठवायला, ती जोडणी अखंड पूर्ण वेगानं चालली तरी, नऊ दिवसांहून जास्त लागतात. १ गिगाबिटवर बावीस तास. १० गिगाबिटवर सव्वादोन तास. आणि १० टेराबाइट ही संशोधनात काही मोठी बाब राहिलेली नाही. जिनिव्हाजवळ सर्नमध्ये २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात कणांच्या टकरी घडवतात. त्यातून निघणारा डेटा जगभरच्या केंद्रांना वाटून दिला जातो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर त्यात आहेत.

पण मला सगळ्यात पटणारं उदाहरण दुर्बिणींचं. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रत्येक तबकडीचा सिग्नल फायबरवरून मधल्या केंद्रात येतो आणि तिथे सगळ्यांची सांगड घातली जाते. तिथे परवानगीचा प्रश्नच येत नाही, कारण तबकडी, फायबर आणि केंद्र सगळं एकाच मालकाचं. युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांना हाच खेळ देशोदेशीच्या दुर्बिणी घेऊन खेळायचा होता. हजारो किलोमीटर लांबच्या दुर्बिणींनी एकाच वेळी आकाशातल्या एकाच जागेकडे बघायचं आणि सगळ्यांचा सिग्नल नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावच्या केंद्रात एकत्र करायचा. पूर्वी टेप आणि डिस्क खोक्यांत भरून पाठवत. एखाद्या दुर्बिणीत बिघाड होता हे कधीकधी खोकं उघडल्यावर कळायचं. सिग्नल थेट नेटवर्कवरून आला तर चूक त्याच क्षणी दिसते. मात्र त्यासाठी निरीक्षणाच्या त्या आठ-दहा तासांपुरती प्रत्येक दुर्बिणीपासून ड्विंगेलोपर्यंत भरवशाची वाट हवी. उरलेल्या वेळी नको. पाणी कसं, रब्बीत ठरलेल्या पाळीला हवं, बारा महिने नको. तसंच.

इथे मालकांची भानगड सुरू होते. समजा नागपुरातल्या एखाद्या प्रयोगशाळेतून ड्विंगेलोला वाट हवी. पहिली हद्द प्रयोगशाळेच्या आवाराची. दुसरी देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्कची, म्हणजे एनकेएनची. त्याला मार्च २०१० मध्ये मंजुरी मिळाली आणि ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र चालवतं. पुढे समुद्राखालच्या केबलवरची भाड्याची क्षमता. मग युरोपचं समाईक संशोधन नेटवर्क जेआँ. त्यानंतर नेदरलँड्सचं स्वतःचं सर्फ. शेवटी ड्विंगेलोचं आवार. सहा हद्दी, सहा कारभारी. प्रत्येकाची यंत्रं वेगळ्या कंपनीची, प्रत्येकाचे नियम वेगळे, कचेरीच्या वेळा वेगळ्या. आपल्या घड्याळातला साडेपाच तासांतला तो अर्धा तास तर परदेशी माणसाच्या हिशेबात हमखास चुकतो.

हाताने काम कसं चालायचं? एक माणूस ईमेल लिहायचा. दुसरा म्हणायचा, आमच्या नकाशात बघून सांगतो. तिसरा रजेवर. सगळ्यांचं 'हो' आलं की प्रत्येक जण आपापल्या यंत्रात बदल करायचा. एकानं आधी केला, एकानं नंतर, एक विसरला. वाट सुरू व्हायला आठवडे, कधी महिने. ज्या निरीक्षणासाठी वाट हवी ते आठ तासांचं.

माझा तो आकडा इथलाच. एकाच तारेवरून अनेकांच्या वाटा वेगळ्या ठेवायला प्रत्येक वाटेला एक नंबर देतात. त्याला व्हीलॅन नंबर म्हणतात, १ पासून ४०९४ पर्यंत. सीमेच्या दोन्ही बाजूंना नंबर एकच हवा, नाहीतर अलीकडचा माल पलीकडचा ओळखत नाही. आमच्याकडे एका बाजूला १७८० होता. दुसऱ्या बाजूला तो नंबर आधीच कुणाला तरी दिलेला, म्हणून तिथल्या माणसानं गुपचूप १७८१ टाकला. दोघांच्याही पडद्यावर हिरवा दिवा. दोघंही खरंच बोलत होते.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशोधन नेटवर्कवाली मंडळी यावर एकत्र बसू लागली. २००३ साली आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला, ग्लिफ नावाची जागतिक मंडळी स्थापन झाली. आपापल्याकडची जास्तीची उजेडाची क्षमता एकमेकांना वापरू द्यायची, हा तिचा हेतू. अॅमस्टरडॅमचं नेदरलाइट, शिकागोचं स्टारलाइट अशी उजेडाची जंक्शनं उभी राहिली. बडनेऱ्याला कशा चारी दिशांच्या गाड्या येऊन मिळतात, तशा. मात्र सुरुवातीला या जंक्शनांवर सांधे बदलायला माणूसच लागत होता.

आणि मग प्रत्येकानं आपापला स्वयंचलित सांधेवाला तयार केला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईएसनेट नेटवर्कनं २००४ मध्ये ओस्कार्स बनवायला घेतलं. संशोधकानं वेळ आणि माप सांगायचं, सॉफ्टवेअर आगाऊ नोंद घेतं आणि वेळ झाली की वाट उघडतं. युरोपात ऑटोबान आलं. हे नाव म्हणजे एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं; जर्मनीतले हमरस्ते मुद्दाम आठवावेत अशी जुळवलेली. कॅनडात वापरणाऱ्याच्याच हाती उजेडाचा ताबा देणारी प्रणाली, जपानात जी-लॅम्डा, अमेरिकेतच आणखी एक ड्रॅगन. आपापल्या हद्दीत ही सगळी बरी चालायची. हद्दीवर आली की मुकी. ओस्कार्सला ऑटोबानची भाषा कळेना, जी-लॅम्डाला दोघांचीही नाही. फोन करणारी माणसं काढून त्यांच्या जागी फोन न लागणारी यंत्रं बसवल्यासारखं झालं!

युरोप, अमेरिका आणि कॅनडाच्या नेटवर्कांनी आपसात एक बोली ठरवून पाहिली. ती चालली, पण घरापुरती. शेवटी ओपन ग्रिड फोरम या मानकं ठरवणाऱ्या मंडळात सगळे बसले आणि एनएसआय नावाची समाईक भाषा घडली. तिची दुसरी आवृत्ती २०१४ साली ठरली. या सगळ्या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग इथे आहे, आणि तो समजायला आपल्याकडचं लग्न पुरेसं आहे.

लग्नाची तारीख धरायची. मंगल कार्यालय, आचारी, बँड आणि मंडपवाला, चौघंही त्याच दिवशी मोकळे हवेत. तुम्ही कार्यालयाला थेट पैसे भरून मोकळे झालात आणि मग बँडवाला म्हणाला जमत नाही, तर पैसे अडकले. म्हणून शहाणा माणूस आधी प्रत्येकाला म्हणतो, "तारीख धरून ठेवा, दोन दिवसांत सांगतो." चौघांचंही 'धरली' आलं की मग चौघांनाही इसार. एकानं जरी नाही म्हटलं तर बाकी तिघांना, "सोडा तारीख." आणि तुम्ही दोन दिवसांत फिरकलाच नाहीत, तर कार्यालयवाला स्वतःहून तारीख मोकळी करतो. तुमच्यासाठी तो दुसरं गिऱ्हाईक किती दिवस घालवणार?

एनएसआयमध्ये हेच घडतं. पहिला निरोप: या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढ्या मापाची, अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत वाट धरून ठेवा. प्रत्येक हद्दीतलं सॉफ्टवेअर आपली वही बघतं. त्या वेळी तेवढी जागा आहे का? असेल तर 'धरली' म्हणून कळवतं आणि स्वतःचं घड्याळ लावतं. सगळ्यांचं 'धरली' आलं की दुसरा निरोप, 'पक्की करा'. एखाद्यानं नकार दिला तर 'सोडून द्या'. आणि मुदतीत काहीच निरोप आला नाही तर धरलेली जागा आपोआप सुटते. एखादं यंत्र मध्येच बंद पडलं म्हणून दुसऱ्याची क्षमता वर्षभर अडकून राहत नाही.

पक्की झाली म्हणजे उघडली असं नाही, हेही यात आहे. आपल्याकडे पाणी अर्जाचा नमुना सात भरला आणि मंजूर झाला, म्हणून लगेच दार उघडत नाही. पाळीचा दिवस यावा लागतो आणि दार उघडायला सांगावं लागतं. तसंच एनएसआयमध्ये नोंदणी वेगळी आणि 'आता सुरू करा' वेगळं. तात्पुरतं बंद करून पुन्हा सुरू करता येतं, नोंद कायम ठेवून. संपवायचं तर त्याचा निरोप आणखी वेगळा.

विचारणारा कोण, याच्या दोन तऱ्हा. एक, ठेकेदार पद्धत: मधला एक जण सगळ्या हद्दींना स्वतः विचारतो. दुसरी, शेजारी शेजाऱ्याला विचारतो आणि तो त्याच्या पुढच्याला. दुसऱ्या तऱ्हेत मागणी उगमाकडून टोकाकडे जाते आणि होकार टोकाकडून उगमाकडे येतो. मामा हे ऐकून खूश झाला, कारण शेजपाळीचा, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं द्यायचा, नियमच मुळी आधी टेल, मग हेड. शेवटच्याला मिळालं की मग वरच्याचा नंबर. निदान कागदावर तरी.

शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाण्याचा आणखी एक फायदा विश्वासाचा. जेआँला नागपूरचा संशोधक कोण हे ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला आपला शेजारी ठाऊक आहे. दोघांची ओळख डिजिटल प्रमाणपत्रांनी पटलेली असते. शेजारी म्हणतो, हा माणूस आमचा आहे. खेड्यात नवख्याला उधारी मिळते ती अशीच, कुणाच्या तरी शब्दावर.

कुठलाही कारभारी आपल्या घरातला सगळा नकाशा बाहेर दाखवायला तयार नसतो, हीसुद्धा अडचण होतीच. किती तंतू, कुठली यंत्रं, कुठे क्षमता कमी, हे धंद्याचं आणि सुरक्षेचं गुपित. म्हणून ठरलं की प्रत्येकानं फक्त चतुःसीमा सांगायची. माझ्या हद्दीवर हे अमुक बिंदू आहेत, त्यातून आत येता येतं आणि बाहेर जाता येतं. आत काय करायचं ते माझं मी बघतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, घरातल्या कोठीत किती पायल्या ज्वारी आहे ते लिहीत नाहीत.

इथपर्यंत सगळं हिशेबाचं. उजेडाचे स्वतःचे नखरे वेगळेच, आणि आपोआप वाट उघडण्याच्या गोष्टींत ते हमखास वगळले जातात. वाटेत रंग सहजासहजी बदलता येत नाही. अमरावती ते वर्धा या टप्प्यात ३, ७ आणि १२ नंबरचे रंग मोकळे आहेत समजा, आणि वर्धा ते नागपूर टप्प्यात ५, ९ आणि २१. दोन्हीकडे तीन-तीन जागा मोकळ्या, तरी अमरावतीहून नागपूरला सरळ उजेड जाऊ शकत नाही, कारण एकही रंग दोन्ही टप्प्यांत मोकळा नाही. रेल्वेत वर्ध्यापर्यंत एक बर्थ आणि पुढे दुसरा चालतो, उठून बसलं की झालं. उजेडाला तसं उठता येत नाही. उठवायचं तर त्याची आधी वीज करायची आणि विजेचा पुन्हा दुसऱ्या रंगाचा उजेड. ते यंत्र महाग.

हे ऐकताना मामाला मूर्तिजापूर आठवलं. यवतमाळहून आणि अचलपूरहून येणारी शकुंतला अरुंद रुळांची, मूर्तिजापूरची मोठी लाइन रुंद रुळांची. कापसाचा माल तिथे उतरवून पुन्हा चढवावा लागायचा. दोन नेटवर्कांच्या हद्दीवर नेमकं हेच होतं. एकाकडे जुनी वेळेच्या कप्प्यांची पद्धत, दुसऱ्याकडे पुडक्यांची इथरनेट पद्धत, तिसऱ्याकडे निखळ रंग. हद्दीवर हमाली ठरलेली. स्वयंचलित प्रणालीला ही हमाली कुठे, कशी आणि किती मापाची होते तेही वहीत धरावं लागतं.

शिवाय नवा रंग एकदम पेटवता येत नाही. सगळे रंग त्याच जोर देणाऱ्या यंत्रांतून जातात. एक रंग अचानक वाढला की बाकीच्यांच्या वाट्याचा जोर हलतो. म्हणून बेतानं, टप्प्याटप्प्यानं वाढवायचं. दुरून हुकूम दिल्यावर कुठला रंग कुठे वळवायचा हे ठरवणारी यंत्रं आता आहेत, पूर्वीसारखं माणसानं जाऊन तार बदलायची गरज नाही. तरी त्या थरातलं काम मिनिटांचं, वरच्या इथरनेटच्या थरातलं सेकंदांचं. त्यामुळे खरं सांगायचं तर 'आपोआप उजेडाची वाट' म्हणून जे देशोदेशी चाललं, त्यातलं बरंचसं आधीच पेटलेल्या रंगांवर व्हीलॅन नंबर देणं होतं. उजेड तोच, फक्त त्यातला वाटा राखून दिलेला. मला यात फसवणूक वाटत नाही. नवा कालवा खोदण्यापेक्षा आहे त्या कालव्यात पाळी लावणं केव्हाही स्वस्त.

आणि मग याची गरज अपेक्षेएवढी भासली का? माझं मत: नाही. वीस वर्षांपूर्वी वाटत होतं की संशोधक रोज सकाळी वाट मागतील आणि संध्याकाळी परत करतील. घडलं असं की मुख्य नेटवर्कं १०० गिगाबिटवर गेली आणि गर्दीच कमी झाली. सर्नच्या मंडळींनीसुद्धा केंद्राकेंद्रांमध्ये दर वेळी नवी वाट मागण्यापेक्षा सगळ्यांसाठी मिळून एक राखीव जाळं जास्त वापरलं. मागितलेल्या बऱ्याच वाटा महिनोन्‌महिने तशाच सुरू राहिल्या. पण हद्दीवर बोलायची रीत मागे उरली. धरून ठेव, पक्की कर, सुरू कर, सोड, आणि आतलं ज्याचं त्यानं बघावं. ही रीत नसती तर आजही सगळी मदार कुणाच्या तरी फोनवर असती. माझी आहेच म्हणा. आमच्यासारख्या टोकाच्या कॉलेजापर्यंत ती पोचलेली नाही.

वाट उघडल्यावर ती खरंच ठरल्या मापाची चालते का, हे बघायला पर्फसोनार नावाची मोफत प्रणाली आहे. प्रत्येक हद्दीत मोजणीची छोटी यंत्रं बसवायची, ती एकमेकांना सतत चाचणीची पुडकी पाठवतात. कुठल्या टप्प्यात माल गळतोय ते दिसतं. "आमच्याकडून ओके आहे" या वाक्यावर माझ्या माहितीतलं हे एकमेव औषध.

एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रणालीला जमत नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी. तिचंच नाव पुढे भारतनेट. मामाच्या पंचायतीतही त्या फायबरचा डबा बसवलेला आहे. गेल्या पावसाळ्याआधी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं एका झटक्यात तंतू उपसला. सॉफ्टवेअर दुसरी वाट शोधतं, पण दुसरी वाट असेल तर. गावाला एकच.

पावणेतीन वाजले. चारीत खळखळ ऐकू आली आणि टॉर्चच्या उजेडात पाण्याचं तोंड दिसलं, पुढे काडीकचरा ढकलत येणारं. धार मात्र बारीक होती. मामानं हात घालून पाहिला.

"मले एकच सांग," तो म्हणाला, "तुह्या त्या उजेडाच्या पायीत वरच्या मान्सानं आपलं दार थोडंसं उघडंच ठेवलं तं?"

मी सांगितलं की हद्दीवरचं यंत्र प्रत्येक वाटेचं माप सतत मोजतं. ठरल्यापेक्षा जास्त आलं की जास्तीचं तिथेच टाकून देतं, पुढे जाऊच देत नाही. वेळ संपली की कुणाला न विचारता दार बंद होतं.

"रातच्यालेही?"

"रात्रीसुद्धा, मामा."

"हाव," म्हणत त्यानं फावडं खांद्यावर टाकलं, टॉर्च माझ्या हातातून घेतली आणि चारीच्या कडेकडेनं वरच्या अंगाला चालू लागला, कुणाचं दार उघडं आहे ते पाहायला.